खुब्याची वाटी फुटली आहे. मेडिकल कॉलेजात ठेवू की हलवू?

पत्र :

सिस्टर, नमस्कार. आम्ही पंढरपूरच्या पुढं एका वाडीवर राहतो. नऊ दिवसांमागं आमचे मालक रात्री मोटारसायकलवरून घरी येत होते. रस्त्यात उसाची ट्रॉली उभी होती, तिला मागं दिवा नाही, लाल कापडसुद्धा नाही. गुडघा ट्रॉलीच्या लोखंडाला धडकला आणि खुबा निखळला. तालुक्याच्या डॉक्टरांनी त्याच रात्री भूल देऊन खुबा जागेवर बसवला, पायातून सळई घालून वजन लावलं. सीटी स्कॅन बघितल्यावर मात्र म्हणाले, खुब्याच्या वाटीचे तुकडे झालेत, हे माझ्या हातचं काम नाही, मेडिकल कॉलेजला न्या. आता घरात प्रत्येकाचं मत वेगळं. थोरले भाऊजी म्हणतात, तिथं शिकाऊ पोरं हात साफ करून घेतात, भाऊ प्रयोगाला द्यायचा नाही. पुण्याच्या एका खाजगी हॉस्पिटलात साडेचार लाख सांगितले. दोन गाई आणि माझं डोरलं विकलं तरी निम्मे होत नाहीत. सासूबाई म्हणतात, हाडवैदाकडे न्या, तो लेप लावून दीड महिन्यात चालवतो. मालक अडतीस वर्षांचे आहेत, मुलगी पहिलीत आहे. काय करू? आणि ते पुन्हा रानात उभे राहतील का?

उत्तर :

ताई, तुमचं पत्र वाचलं त्याच दुपारी संपादकांकडून नंबर घेऊन मी तुम्हाला फोन केला, कारण हे उत्तर सदराच्या वारापर्यंत थांबण्यासारखं नव्हतं. तेव्हा एवढंच बोलले : आजच हलवा, मेडिकल कॉलेजलाच हलवा, कारणं मागाहून सांगते. तुम्ही विश्वास ठेवलात, १०८ बोलावलीत आणि त्याच रात्री मालकांना दाखल केलंत. काल तुमचा फोन आला तेव्हा आवाज रडवेला होता. तीन दिवस झाले, ऑपरेशनचा पत्ता नाही, कॉटला कॉट लागलेली, संडासात पाय ठेववत नाही, आणि भाऊजी म्हणतायत, सही देऊन घेऊन जाऊ. तर आता ती राहिलेली कारणं सांगते. भाऊजींनाही हे वाचायला द्या. त्यांच्या रागामागं भावाची काळजी आहे, हे मला कळतं.

मी बत्तीस वर्षं सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात नोकरी केली, त्यातली एकोणीस हाडांच्या वॉर्डात. मी डॉक्टर नाही, सिस्टर आहे. ऑपरेशन कसं करावं ते मी सांगणार नाही. वेळेत ऑपरेशन झालेला आणि न झालेला माणूस पुढं कसा चालतो, ते मात्र मी रोज पाहिलंय.

आधी मालकांच्या खुब्यात काय झालंय ते समजून घ्या. खुबा म्हणजे एक गोळा आणि एक वाटी. गोळा मांडीच्या हाडाचा, वाटी कमरेच्या हाडातली; डॉक्टर तिला ॲसिटॅब्युलम म्हणतात. दोन्हींवर गुळगुळीत अस्तर असतं. गाडीवर बसलेल्या माणसाचा गुडघा वाकलेला असतो. ट्रॉलीचा दणका गुडघ्यातून मांडीच्या हाडात शिरला आणि तिथून सरळ वाटीच्या मागच्या भिंतीवर बसला. भिंत फुटली, गोळा मागं निसटला. तालुक्याच्या डॉक्टरांनी गोळा परत आत घातला, पण भिंत अजून फुटलेलीच आहे. मांडीचं हाड मोडून जरासं तिरकं जुळलं तर माणूस थोडा लंगडत का होईना, वर्षानुवर्षं चालतो. वाटीचं तसं नाही. बेअरिंगमध्ये खडा राहिला तर पंप किती दिवस चालेल, हे भाऊजींना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. तुकड्यांमध्ये दोन-तीन मिलिमीटरची पायरी राहिली तरी प्रत्येक पावलाला गोळा तिच्यावर घासतो, अस्तर झिजत जातं आणि चाळिशीच्या माणसाचा खुबा सत्तरीचा होतो.

पूर्वी या मोडीला बहुतेक ठिकाणी वजन लावून माणसाला नुसतं झोपवून ठेवायचे. पॅरिसमध्ये ज्युदे बंधू आणि एमिल लेतूर्नेल या सर्जनांनी वाटी उघडून, तुकडे एकेक करून जुळवून, प्लेटा आणि स्क्रूंनी बांधायची पद्धत बसवली. १९६४ मध्ये त्यांनी या मोडीचे दहा प्रकार लिहून ठेवले, तेच आजही आमच्या वॉर्डातले निवासी डॉक्टर पाठ करतात. मालकांना एकदा या कुशीकडे, एकदा त्या कुशीकडे तिरकं करून एक्स-रे काढला असेल आणि ते कळवळले असतील. ते तिरके फोटो ज्युदेंच्याच नावानं ओळखले जातात. त्यांच्याशिवाय साध्या एक्स-रेत वाटीचा पुढचा आणि मागचा खांब वेगवेगळा नीट दिसत नाही. या सर्जनांनी शेकडो रुग्णांवर जे दाखवून दिलं त्याचं सार दोन गोष्टींत आहे : तुकडे किती अचूक जुळले आणि किती लवकर जुळले. अचूक म्हणजे एका मिलिमीटरच्या आत. लवकर म्हणजे शक्यतो दोन आठवड्यांत, आणि फार तर तीन. तीन आठवड्यांनंतर तुकड्यांभोवती नवं हाड धरायला लागतं, फुटलेल्या कडा ओळखू येत नाहीत. मग आधी ते हाड खरवडून तुकडे मोकळे करायचे, नंतर जुळवायचे. रक्त जास्त जातं, नसेला धोका वाढतो आणि जुळणी मनासारखी होत नाही. गवंड्याला ओल्या सिमेंटातली वीट सरकवता येते, वाळल्यावर फोडावी लागते. मी हे लिहितेय तेव्हा अपघाताचा तेरावा दिवस आहे. म्हणजे अजून हातात वेळ आहे, पण तो मोजका आहे.

इथं तालुक्याच्या डॉक्टरांबद्दल दोन शब्द बोलू द्या, कारण तुमच्या पत्रात त्यांच्याविषयी थोडी नाराजी वाटली. निखळलेला खुबा जितका वेळ बाहेर राहतो तितका गोळ्याचा रक्तपुरवठा तुटण्याचा धोका वाढतो. सहा तासांच्या आत तो बसवावा म्हणतात. त्यांनी रात्रीच्या रात्री भूलतज्ज्ञ बोलावून तो बसवला. त्यांच्या हातचं होतं ते काम त्यांनी अचूक केलं आणि हातचं नव्हतं ते नाही म्हणाले. असं नाही म्हणायला मोठं मन लागतं, आणि त्यात पैसाही सोडावा लागतो. माझ्या वॉर्डात जे सगळ्यात वाईट खुबे आले, ते कुणीतरी ‘बघू, करून टाकू’ म्हणून उघडलेले होते. मालक बरे झाले की त्या डॉक्टरांना जरूर भेटून या.

आता भाऊजींच्या मुद्द्यावर येते.

मेडिकल कॉलेजात शिकाऊ डॉक्टर असतात, हे खरं आहे. पण त्यांना शिकाऊ म्हणताना ते कोण असतात ते बघा. एमबीबीएस पुरं करून, परीक्षा देऊन, हाडांच्या एम.एस.ला लागलेली ही मुलं. हा अभ्यास तीन वर्षांचा. पहिल्या वर्षाचा मुलगा रक्त काढतो, ड्रेसिंग करतो, केसपेपर लिहितो, रात्री दोनला तुम्ही हाक मारली तर डोळे चोळत येतो तो हाच. तिसऱ्या वर्षाचा साध्या मोडी करू लागलेला असतो, तोही वरचा माणूस शेजारी उभा असताना. त्यांच्या वर असिस्टंट प्रोफेसर, त्यांच्या वर असोसिएट, आणि सगळ्यांच्या वर युनिटचे प्रमुख. खुब्याची वाटी ही तिसऱ्या वर्षाच्या मुलाकडे सोडायची मोडच नव्हे. ती वरच्या माणसानं करायची असते आणि त्यातही ज्यांचा यात हात बसलेला आहे त्यांनी. मुलं तिथं असतील, नक्की असतील. कुणी मांस बाजूला धरून उभा असेल, कुणी पाय ओढून धरेल, कुणी शेवटी टाके घालेल. चार-पाच तासांच्या या कामाला इतके हात लागतातच.

आणि भाऊजी, शिकवण्याचा एक फायदा रुग्णाला मिळतो तो बाहेर सहसा दिसत नाही. मोठ्या ऑपरेशनच्या आधी युनिटच्या बैठकीत रुग्णाचे फोटो लावले जातात. तिसऱ्या वर्षाच्या मुलाला उभं करून विचारतात : मोड कुठल्या प्रकारची? चीर मागून घेणार की पुढून? का? नस कुठून जाते? प्लेट बसली नाही तर पुढं काय? मुलगा अडखळला की प्रोफेसर बोलतात, मग दुसरे बोलतात, कधी दोन वरिष्ठांचं जुळत नाही आणि पुन्हा सीटी लावून बघतात. शिकवायचं म्हणून प्रत्येक गोष्ट मोठ्यानं बोलावी लागते, आणि मोठ्यानं बोललेली चूक दहा जणांना ऐकू जाते. एकट्यानं चालवलेल्या दवाखान्यात, डॉक्टर कितीही हुशार असले तरी, ‘असं का?’ म्हणून विचारणारं शेजारी कुणी नसतं. काही कॉलेजांत आता सीटीवरून कमरेच्या हाडाचा प्लॅस्टिकचा हुबेहूब नमुना छापून घेतात आणि प्लेट त्यावर आधीच वाकवून ठेवतात. तुमच्याकडे ती सोय असेल-नसेल. नसली तरी काम अडत नाही.

शिवाय ही मोड फार वारंवार होणारी नाही. तालुक्याच्या ठिकाणी अशी वाटी क्वचित येते. कॉलेजकडे आजूबाजूच्या जिल्ह्यांतले ट्रॉलीवर आदळलेले, घाटात पडलेले, विहिरीत कोसळलेले, सगळे येतात. हात बसतो तो अशा संख्येनं. एकाच आवारात रक्तपेढी असते, भूलतज्ज्ञ चोवीस तास असतात, लघवीच्या मार्गाला इजा असेल तर तो विभाग जिन्यापलीकडे असतो, अतिदक्षता विभाग असतो. पुण्याच्या त्या खाजगी हॉस्पिटलातही हे सगळं असेल आणि तिथले सर्जनही उत्तम असतील. परवडत असतं तर मी तेही चालेल म्हणाले असते. पण गाई आणि डोरलं विकून अर्धा पैसा उभा करायचा, उरलेला व्याजानं काढायचा आणि त्यात आणखी आठवडा घालवायचा, याला माझी साफ ना आहे.

कॉलेजात जे वाईट आहे तेही लपवत नाही. संडास घाण असतात. एक्स-रेसाठी रुग्णाला तुम्हालाच ढकलत न्यावं लागतं, कारण वॉर्डातला मामा एक आणि स्ट्रेचर सहा. मावशींना चार वेळा हाक मारावी लागते. शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागं एक परिचारिका असावी असा परिचर्या परिषदेचा निकष आहे; मी रात्रपाळीला चाळीस रुग्ण आणि सोबत एक विद्यार्थिनी, अशा कितीतरी रात्री काढल्या. अशाच एका रात्रीचं ओझं माझ्यावर अजून आहे. मांडी मोडलेले एक आजोबा, पाय स्प्लिंटवर ठेवलेला. त्यांची टाच स्प्लिंटच्या कडेला टेकत होती. ते दुखतंय म्हणाले, मी गोळी दिली आणि पुढच्या कॉटकडे गेले. टाच पाहिली नाही. सकाळी तिथं रुपयाएवढा काळा डाग होता. हाड वेळेत जुळलं, टाचेची जखम भरायला मात्र चार महिने लागले. मी त्यांची माफी मागितली, ते म्हणाले, पोरी, तू एकटी किती जणांना बघणार. म्हणून आता मी प्रत्येक नातेवाईकाला सांगते : सिस्टर चांगली असली तरी तिला दोनच डोळे आहेत. टाच तुम्ही बघा.

ऑपरेशनला उशीर का होतोय, हे तुम्ही कुणाला विचारलंत? काल म्हणालात, नाही, भीती वाटते. पहिले तीन-चार दिवस तसेही सहसा ही मोड उघडत नाहीत, आतलं रक्त थांबावं लागतं. पुढं भूलतज्ज्ञांची तपासणी, रक्ताची सोय, प्लेटा मागवणं, योजनेची मंजुरी, आणि मध्येच रात्रीत आलेला एखादा जीवघेणा अपघात, यात दिवस जातात. हे समजण्यासारखं आहे. पण तेराव्या दिवशी तुम्हाला तारीख माहीत नसणं समजण्यासारखं नाही. उद्या सकाळच्या राउंडला युनिटचे प्रमुख येतील तेव्हा भाऊजींना पुढं उभं करा. आवाज चढवायचा नाही, रडायचंही नाही. विचारायचं : साहेब, अपघाताला चौदा दिवस झाले, ऑपरेशन कुठल्या तारखेला ठरवलंय? ते मुख्यतः कोण करणार, आणि असे खुबे त्यांनी केलेले आहेत का? आमच्याकडून काय राहिलंय, रक्त, कागद, की तपासणी? हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. संमतीपत्रावर सही घेताना हे सगळं तुमच्या भाषेत समजावून सांगायचं असतं. बहुतेक डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाहीत. उलट, दिवस मोजणारं घर दिसलं की यादीत नाव वर सरकतं, असं मी अनेकदा पाहिलंय.

‘इथं हे काम सध्या होणार नाही’ किंवा ‘तारीख सांगता येत नाही’ असं उत्तर आलं तर सही देऊन घरी न्यायचं नाही. दुसऱ्या रुग्णालयाच्या नावानं लेखी रेफर मागायचं. मिरजेचं मेडिकल कॉलेज, पुण्याचं ससून, मुंबईचं केईएम ही जवळ-लांबची ठिकाणं आहेत. पण निघण्याआधी इथल्याच डॉक्टरांना तिथल्या युनिटशी फोनवर बोलायला सांगा, म्हणजे तिथं जाऊन पुन्हा रांगेत पहिल्यापासून उभं राहावं लागत नाही. सीटीची नुसती फिल्म नको, सीडीही घ्या. तालुक्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी, खुबा किती वाजता बसवला ती नोंद आणि पोलिस केसचा कागद, हे एका पिशवीत, आणि ती पिशवी एकाच माणसाकडे.

पैशाचं बोलू. रुग्णालयात सरकारी आरोग्य योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राचं टेबल असतं, बहुधा केसपेपरच्या खिडकीजवळ. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आजच तिथं जा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना तुमच्या सोलापूर जिल्ह्याला नवी नाही; २०१२ मध्ये ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावानं सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत सोलापूर होतं. आता तिचं संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत आहे आणि रेशनकार्डाच्या रंगावरून कुणाला वगळत नाहीत. मालकांची मोड कुठल्या पॅकेजात बसते आणि मंजुरी पाठवली का, हे आरोग्यमित्राला स्पष्ट विचारा. मंजुरी न पाठवल्यामुळं ऑपरेशन अडलेलं असू शकतं, आणि ते कुणी आपणहून सांगत नाही. योजनेत बसल्यावर प्लेटा बाहेरून आणा असं कुणी म्हटलं तर पैसे देण्याआधी आरोग्यमित्रालाच जाऊन विचारा. आणखी एक : ट्रॉलीला दिवा नव्हता, हे पोलिसांच्या पंचनाम्यात आलंय का ते भाऊजींनी बघावं. मोटार अपघात दाव्यासाठी तो कागद, सगळ्या पावत्या आणि डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा आणि दाव्यासाठी वकिलाला लवकर भेटा, त्यालाही मुदत असते.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. मुरगळलेल्या पायाला, लचकलेल्या मनगटाला हाडवैदाच्या लेपानं आराम पडलेला त्यांनी पाहिला असेल, मीही पाहिलाय. पण ही वाटी कमरेच्या आत, जाड मांसाच्या खाली आहे. तिथं कुणाचंही बोट पोचत नाही. आणि दोन आठवडे झोपून असलेल्या माणसाच्या पायात रक्ताच्या गुठळ्या धरलेल्या असू शकतात. त्यावर तेल चोळलं आणि गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर माणूस मिनिटांत जातो. मालिश नको, लेप नको, कुणी ‘जरा ओढून बघतो’ म्हणालं तर हात लावू देऊ नका. हे त्यांना माझ्या नावानं सांगा, तुम्हाला घरात वाईटपणा नको.

आता तुमच्या हातातली कामं. वजन हवेत लोंबतं असलं पाहिजे. वीट किंवा वाळूची पिशवी जमिनीला किंवा कॉटच्या दांड्याला टेकली की ट्रॅक्शनचा, म्हणजे पायाला दिलेल्या ओढीचा, उपयोग संपला, येता-जाता बघा. बेडपॅन देताना वजन काढायचं नाही. वरच्या दांड्याला धरून, चांगल्या पायावर जोर देऊन ते कंबर उचलतील, तुम्ही चांगल्या बाजूनं बेडपॅन सरकवा. सळईच्या भोवती हळद-तेल काही लावू नका. पू दिसला तर दाखवा. पोटरीखाली घडी घालून टाच अधांतरी ठेवा आणि दिवसातून चार वेळा डोळ्यांनी बघा. माकडहाडावर लाली आली का तेही तसंच बघा. दर तासाला दहा वेळा पावलं वर-खाली करायला लावा, त्यानं रक्त खेळतं राहतं. तीन गोळ्यांचं फुंकायचं यंत्र दिलं असेल तर त्यात फुंकर मारायची नसते, श्वास आत ओढायचा असतो. निम्मे रुग्ण उलटं करतात. दूध, अंडी, डाळ, पेरू, भरपूर पाणी द्या. पडून राहिलेल्या माणसाचं पोट साफ होणं ही मोठी गोष्ट आहे. मालक तंबाखू खातात असं तुम्ही दबक्या आवाजात म्हणालात. ती आजपासून बंद करा. तंबाखूनं हाड उशिरा जुळतं आणि जखम चिघळते. भाऊजींनी लपवून पुडी आणून देऊ नये, हे मी हात जोडून सांगते.

दोन गोष्टी मात्र विचारल्याशिवायही डॉक्टरांना सांगायच्या. ढुंगणावर किंवा मांडीच्या मागं फोड, खरूज, पुरळ असेल तर आधीच दाखवा, कारण मागच्या भिंतीसाठी चीर बहुधा तिथूनच जाते. लाजेनं लपवलेला एक फोड आतपर्यंत पू नेऊ शकतो. आणि मालकांना पायाचा अंगठा व पाऊल वर उचलता येतं का, हे आज तपासा. वाटीच्या मागून मोठी नस जाते आणि खुबा निखळताना तिला मार लागू शकतो. पाऊल लोंबत असेल तर ते ऑपरेशनच्या आधीच केसपेपरवर लिहिलं गेलं पाहिजे. अचानक धाप लागली, छातीत दुखलं किंवा पोटरी सुजून टणक झाली तर राउंडची वाट बघू नका, ओरडून बोलवा. त्या वेळी ओरडण्याबद्दल तुम्हाला कुणी बोलणार नाही.

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी त्यांना कॉटवर बसवतील, पुढं वॉकर देतील. तेव्हा घरातले सगळे खुश होतात आणि तिथंच घोटाळा होतो. प्लेटा तुकडे धरून ठेवतात, अंगाचं वजन पेलत नाहीत. अडीच-तीन महिने तो पाय जमिनीला नुसता टेकवायचा, त्यावर भार द्यायचा नाही. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही. वाडीवरच्या संडासासाठी मधे भोक असलेली खुर्ची आधीच आणून ठेवा. सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने, वर्ष, अशा एक्स-रेच्या तारखा चुकवू नका. दुखत नसलं तरी जायचं.

पुन्हा रानात उभे राहतील का, हे तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंत, आणि मला वाटतं पहिल्यापासून विचारायचं होतं ते हेच. वाटी वेळेत आणि अचूक जुळली तर बहुतेक जण उभे राहतात, चालतात, बैलगाडीत चढतात, ट्रॅक्टर चालवतात. माझ्या वॉर्डातले काही जण वर्षाच्या एक्स-रेला येताना माझ्यासाठी शेतातली वांगी घेऊन यायचे. पण काहींचा गोळा, अपघाताच्या रात्रीच रक्त तुटल्यामुळं, वर्ष-दोन वर्षांनी खचतो, ऑपरेशन कितीही चांगलं झालं तरी. तसं झालं तर खुबा बदलावा लागतो, आणि भिंत नीट बांधलेली असली की ते बदलणंही सोपं जातं. म्हणून दोन वर्षं होईपर्यंत मी तुम्हाला पक्कं आश्वासन देणार नाही. यंदाची रानातली लागण दुसऱ्या कुणाच्या भरवशावर करावी लागेल. तेवढं भाऊजींशी आत्ताच बोलून ठेवा.

ऑपरेशनच्या दिवशी ऑपरेशन थिएटरच्या दाराशी भाऊजींना बसवा. रक्त आणा, अमुक कागद आणा, अशी हाक तिथंच येते आणि धावायला पुरुष माणूस बरा पडतो. आत चार-पाच तास लागतील, कधी सहा. तेवढा वेळ लागला म्हणजे काही बिघडलं असं धरू नका. त्या वेळात तुम्ही दारात उभ्या राहू नका. जेवून घ्या, थोडं आडवं व्हा. रात्री त्यांची टाच तुम्हालाच बघायची आहे.